चॅप्लिनचा 'द किड' : याला कॉमेडी कसं काय म्हणतात?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या प्लीज.

तर लेकाची (दुसरीत आहे) सुट्टी चालू आहे आणि कार्टून बघून बघून मलाच वीट आलेला म्हणून चार्ली चॅप्लिनचा 'द किड' लावला. आईने टाकून दिलेलं बाळ गरीब चार्लीला सापडतं आणि तो ते वाढवतो, अशी गोष्ट. मूकपट आहे, पडापडी धडपड असेल, भाषेचा प्रश्न नाही, मधल्या पाट्या मी वाचून सांगेन असा हिशोब. पहिला बराच वेळ तो लोळून लोळून हसला. ते पोरगं दगड मारून लोकांच्या खिडक्या फोडत पुढे जातं आणि मागून चार्ली पाठीवर काचा बांधून काचवाला बनून येतो, आणि एकदा पोरगं दगड मारायला हात मागे नेतं तर तो हात मागे उभ्या असलेल्या पोलिसालाच लागतो, तेवढा तुकडा तर इतक्यांदा मागे नेऊन बघितलाय की मला आता पाठ आहे. पण मग डॉक्टर येतो, अनाथाश्रमाची गाडी येते, पोराला उचलून ट्रकमध्ये टाकतात आणि ते दोन्ही हात पसरून रडतं, तिथे आमचा जो रडायला लागला तो थांबेचना. बंद करू का विचारलं तर बंदही करू देईना. ते छपरांवरून पळत जाऊन चार्ली पोराला सोडवतो तेव्हा जरा शांत झाला.

आणि मग झोपताना प्रश्नांची फैर. त्याला का नेत होते? बाबा गरीब असला की मुलांना घेऊन जातात का? की तो खरा बाबा नव्हता म्हणून? आणि सगळ्यात शेवटी पोलीस चार्लीला पोराच्या खऱ्या आईच्या त्या मोठ्या बंगल्यात आणून सोडतो आणि दार बंद होतं, मग चार्ली तिथेच राहिला का नंतर त्याला घालवून दिलं?

मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. तर जाणकारांनी सांगा, एवढं रडवणाऱ्या पिक्चरला कॉमेडी का म्हणतात, आणि ते स्वप्न, सगळ्यांना पंख फुटलेत आणि कुत्रासुद्धा उडतोय, ते काय प्रकरण आहे? आणि यानंतर त्याला चॅप्लिनचंच दुसरं काही दाखवावं की थोडं थांबावं?

रीळवाला

ताई, आधी हे सांगा की तुम्ही कुठली कॉपी बघितलीत. कारण हा सिनेमा दोन रूपांत आहे आणि लोक भांडतात तेव्हा बरेचदा दोघांनी वेगवेगळा बघितलेला असतो. १९२१ च्या सुरुवातीला रिलीज झाला तो सहा रिळांचा, तासाभराच्या थोडा वर. मग पन्नास वर्षांनी, १९७१ मध्ये, म्हातारा चॅप्लिन स्वित्झर्लंडमध्ये राहत असताना त्याने तो परत बाहेर काढला, स्वतः संगीत दिलं आणि आईचे काही प्रसंग सरळ कापले. संगीत ऐकू येत असेल आणि पिक्चर तासाच्या आत संपला असेल तर तुम्ही हा दुसरा बघितलाय, बहुतेक ठिकाणी तोच मिळतो. १९२१ ला फिल्मवर आवाज नव्हताच, थिएटरात पियानोवाला किंवा वाद्यवृंद बसायचा आणि समोर चालू असेल तसं वाजवायचा.

कापलं ते काय? चर्चमधून एक लग्नाचं वऱ्हाड बाहेर पडतं, नवरी कोवळी, नवरा थेरडा, आणि पोराची आई बाळ घेऊन ते बघत उभी आहे. मग ती पुलाच्या कठड्याशी जीव द्यायच्या विचारात उभी राहते. आणि पुढे ती मोठी नटी झाल्यावर मुलाचा बाप, तो चित्रकार, तिला पार्टीत परत भेटतो. आई झालेल्या एडना पर्व्हायन्सचं काम या तुकड्यांत चांगलं आहे पण खरं सांगायचं तर त्या काळच्या रडक्या नाटकांचा वास येतो, चॅप्लिनने कात्री लावली ती मला पटते. तरी आई आईसारखी कळायची असेल तर एकदा जुनी कॉपी शोधून बघा.

कॉमेडी का म्हणतात हे त्याने पहिल्याच पाटीवर सांगून टाकलंय की, हसवणारा सिनेमा आणि कदाचित एखादं टिपूस पण. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही कारण हसू आणि रडू एकाच ताटात वाढायची आपल्याला सवय आहे, पण त्या वेळी त्याला एका लेखक मित्राने सांगितलं होतं की हे चालायचं नाही, एकतर धड फार्स कर नाहीतर धड नाटक कर, मिसळलंस की दोन्ही बुडतील. चॅप्लिनने ऐकलं नाही. तोवर त्याच्या बहुतेक फिल्मा दोन-तीन रिळांच्या होत्या, स्वतः दिग्दर्शित केलेला एवढा लांब हा पहिलाच. त्यामुळे जुगार मोठा होता.

नाक्यावरचा

काचवाल्या सीनला माझ्याकडून पण शिट्टी!! आणि त्यात पुढचं कुणी लिहिलंच नाही, पोलिसाला संशय येतो आणि तो मागे चालायला लागतो तेव्हा पोरगं चार्लीला चिकटायला येतं आणि चार्ली चालता चालता त्याला पायाने मागे ढकलत राहतो, म्हणजे कोण हे पोर मी ओळखत नाही हो याला. दोन मिनिटांपूर्वी दोघं पार्टनर होते 😂

बाय द वे हिंदीत मेहमूदने १९७४ ला यावरूनच 'कुँवारा बाप' केला होता. त्यात तो रिक्षा ओढणारा, सापडलेलं बाळ पुढे पोलिओने लंगडं होतं. तो लेकाला आत्ता दाखवू नका, त्यात रडणं कितीतरी पट आहे.

गच्ची

तुमच्या लेकाचा प्रश्न "गरीब असला की नेतात का" हा नेमक्या जागी लागलाय, कारण चॅप्लिनला स्वतःला नेलं होतं. १८९६ मध्ये. सात वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या दुसरीतल्याच्याच वयाचा. बाप स्टेजवर गाणारा पण दारूत गेलेला आणि वेगळा राहणारा. आई हॅना, तीही गायिका, तिचा आवाज गेला मग शिवणकामावर घर, मग हप्ते थकले म्हणून शिवणयंत्रही उचलून नेलं, मग लंडनच्या लँबेथ भागातलं वर्कहाउस. वर्कहाउस म्हणजे कंगालांसाठीचा सरकारी आसरा, पण आत पाऊल टाकलं की आई बायकांच्या वॉर्डात आणि मुलं मुलांच्या. तिथून त्याला आणि थोरल्या भावाला, सिडनीला, लंडनबाहेर हॅनवेलला निराधार मुलांच्या शाळेत धाडलं. आत्मचरित्रात तो लिहितो की बेकरीच्या घोडागाडीतून नेलं आणि प्रवास तसा मजेचा वाटला. लहान मूल आहे, त्याला गाडीत बसायला मिळालं. पुढे तिथे नायटा झाला आणि डोकं भादरून आयोडीन फासलं ती गोष्ट वेगळी.

१८९८ ला परत तीच पाळी आली. तेव्हाचा एक प्रसंग मला 'द किड'पेक्षाही जास्त लक्षात राहिलाय. आईने वर्कहाउसमधून बाहेर पडायचा अर्ज दिला, म्हणजे आता आमचं आम्ही बघतो असं सांगून, मुलांनाही सोडवून घेतलं आणि तिघं जण केनिंग्टन पार्कात जाऊन बसले. राहायला कुठे जागा नाही, काही नाही. सिडनीच्या रुमालात बांधलेले नऊ पेन्स होते. त्यातून अर्धा पौंड काळ्या चेरी घेतल्या आणि बाकावर बसून खाल्ल्या. वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला दोरी गुंडाळली आणि झेलाझेली खेळले. दुपारी उरलेल्या पैशांत एक टीकेक, एक खारवलेला मासा आणि दोन अर्ध्या पेनीवाले चहा, तिघांत. आणि संध्याकाळी चालत चालत परत वर्कहाउसच्या दारात, चहाच्या वेळेला हजर! ऑफिसवाले जाम वैतागले कारण सगळं परत पहिल्यापासून, नावनोंदणी, कपडे वाफवणं. एक दिवस एकत्र काढायला मिळावा म्हणून बाईने अख्खं सरकारी खातं कामाला लावलं. त्याच वर्षी पुढे तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यावं लागलं.

आता हे डोक्यात ठेवून ती माळ्यावरची खोली परत बघा. लोक म्हणतात चार्ली गरिबीवर हसवतो, मला तसं दिसत नाही. त्या खोलीत सगळ्याची सोय केलेली आहे. बाळाला दूध पाजायला छताला कॉफीची किटली टांगली आहे, खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून खाली पिकदाणी ठेवली की झाली बाळाची शी-शूची खुर्ची, लंगोट तो स्वतः कापतोय. पाच वर्षांनी पोरगं स्वयंपाक करतंय आणि हे साहेब अंथरुणात पेपर वाचत लोळतायत, मग फाटक्या गोधडीच्या भोकातून डोकं बाहेर काढून उठतात की लगेच त्याचा ड्रेसिंग गाऊन. पॅनकेकच्या थप्प्यांची वाटणी मोजून होते, दोघांत कमीजास्त नाही. जेवायच्या आधी पोराचे कान नाक तपासले जातात. म्हणजे शिस्तीचं घर आहे हे! आपण हसतो ते त्या सोयींना हसतो, आणि हसता हसता कळतं की हा माणूस कुणाकडे काही मागत नाहीये.

हसू थांबतं कधी, तर बाहेरचा माणूस आत येऊन ती खोली बघतो तेव्हा. डॉक्टर विचारतो या मुलाचा बाप तू का, चार्ली म्हणतो तसं म्हणायला हरकत नाही. डॉक्टर म्हणतो मुलाला योग्य निगा आणि लक्ष द्यायला हवं. आणि पुढची पाटी तेच शब्द परत दाखवते, योग्य निगा, आणि खाली अनाथाश्रमाचा ट्रक उभा. तो आश्रमाचा अधिकारी तर चार्लीशी थेट बोलतही नाही, हाताखालच्या माणसामार्फत विचारतो. तीच किटली तीच गोधडी, पण आता ती त्याच्या नजरेतून दिसते.

लेकाला मी असं सांगेन की हो, नेतात कधीकधी, आणि ज्याने हा पिक्चर काढला त्यालाही नेलं होतं, आणि तो मोठा होऊन जगात सगळ्यात जास्त पैसे मिळवणाऱ्या नटांपैकी एक झाला. शेवटचं वाक्य ऐकून मुलं खूश होतात.

खडूस_आजोबा

गच्चीबाई, लिहिलंत छान पण डॉक्टरचं काय चुकलं ते सांगा. पोर तापाने फणफणलंय, खोलीत उजेड नाही, सांभाळणारा माणूस फुटलेल्या काचा बसवून म्हणजे उघड सांगायचं तर पोराकडून गुन्हा करवून पोट भरतोय, शाळेचा पत्ता नाही. आज आपल्याच गल्लीत असं दिसलं तर आपणच फोन करू. सिनेमात डॉक्टरला आखडू दाखवला, गाडीवाल्यांना राक्षस दाखवलं, की प्रेक्षक आपोआप चार्लीच्या बाजूला. ही दिग्दर्शकाची चलाखी आहे, तिला मी दाद देतो पण तिच्यावरून समाजशास्त्र काढू नका.

आणि स्वप्नाबद्दल विचारलंय म्हणून. तो तुकडा मला तरुणपणीही आवडला नव्हता आणि आता तर त्याहून नाही. सोडवलेलं पोर परत हरवलंय, रात्रभर शोधून माणूस दारातच पायरीवर झोपला आहे, प्रेक्षकाचा जीव टांगणीला, आणि तुम्ही मधेच स्वर्ग आणता, गल्लीला फुलांच्या माळा, पोलिसाला पंख, मग सैतान येऊन मोह घालतो, मारामारी, पिसं उडतात. 'पीटर पॅन' लिहिणाऱ्या बॅरीसाहेबांनी पण चॅप्लिनला तोंडावर सांगितलं होतं की हे कशाला घातलंस. त्यावर याचं उत्तर काय, तर तुमच्याच एका नाटकावरून सुचलं! बॅरी काय बोलणार त्याच्यापुढे.

त्यात चार्लीला खुणावणारी जी परी आहे ती लिटा ग्रे, तेव्हा बारा वर्षांची मुलगी. त्याच मुलीशी १९२४ मध्ये चॅप्लिनने लग्न केलं, ती सोळाची, हा पस्तिशीचा. मोठा कलावंत होता हे कबूल, पण हे माहीत झाल्यावर तो तुकडा बघताना मला आवंढा गिळवत नाही. लेकाला नका सांगू, तुम्हाला म्हणून सांगितलं.

गच्ची

आजोबा, लिटा ग्रेबद्दल वाद नाहीच.

डॉक्टरबद्दल मात्र थोडं. तो चुकतो असं सिनेमा कुठे म्हणतो? तो आल्यावर पोर बरं होतं. नंतर चार्लीने दाखवलेली बाळासोबतची चिठ्ठी तोच खिशात टाकतो आणि त्या चिठ्ठीवरूनच आईला आपलं मूल ओळखू येतं. म्हणजे शेवट गोड होतो तो डॉक्टरमुळेच. चलाखी असती तर त्याला नुसता दुष्ट ठेवला असता. मला बोचतं ते एवढंच की औषध देणारा आणि मूल उचलून नेणारा यांच्यात एका कागदाचं अंतर आहे आणि चार्लीला ते वाचायला कुणी वेळच देत नाही.

काचांचा धंदा मात्र तुमचं बरोबर आहे, तो शुद्ध चारशेवीसपणा आहे 😄

नाक्यावरचा

आजोबा पंख लावून उडतायत असं डोळ्यासमोर आलं, सॉरी.

दुपारचा_चहा

बापरे एवढं सगळं! सगळ्यांना मनापासून थँक्यू. गच्ची, तुमचा चेरीवाला किस्सा लेकाला सांगितला, त्याला वर्कहाउस बिर्कहाउस काही नाही, त्याचं एकच, कागदाच्या बोळ्याला दोरी कशी गुंडाळायची. सकाळपासून घरात पेपरचे बोळे उडतायत आणि रद्दीवाल्याचा तोटा होतोय.

आम्ही बघितला तो संगीतवाला, म्हणजे छोटाच असणार. स्वप्न लेकाला अजिबात खटकलं नाही हं आजोबा, उडणारा कुत्रा त्याला सगळ्यात आवडला. त्याचा नवीन प्रश्न असा की त्या मुलाचं रडणं खरं होतं का खोटं. मी म्हटलं अॅक्टिंग असते रे, तर म्हणतो एवढं खोटं रडता येत नाही मी करून बघितलंय. सांगा आता.

रीळवाला

लेकाला सांगा तुझा संशय बरोबर आहे, रडणं खरं होतं.

मुलगा म्हणजे जॅकी कूगन, जन्म ऑक्टोबर १९१४ चा, शूटिंग चालू झालं तेव्हा पाच पण पूर्ण नव्हती. त्याचे वडील स्टेजवर नाच-कॉमेडी करायचे आणि तिथे हा पण मधेच येऊन नाचून जायचा, तिथे चॅप्लिनने त्याला हेरला. नकला करण्यात पोरगं तरबेज, जे करून दाखवू ते तसंच्या तसं करायचं, म्हणून तर दोघांची चाल, खांदे उडवणं, कमरेवर हात ठेवून उभं राहणं सगळं एकसारखं दिसतं. पण ट्रकच्या सीनला काही केल्या रडेना, उलट मस्तीत होता. मग वडील म्हणाले मी बघतो. चॅप्लिन आत्मचरित्रात सांगतो की बापाने पोराला दम दिला, रडला नाहीस तर तुला स्टुडिओतून काढून खऱ्याखुऱ्या वर्कहाउसमध्ये पाठवू. पोराने असा काही टाहो फोडला की बस्. सीन झाल्यावर चॅप्लिनने उचलून घेतलं, म्हणाला कोणी नेत नाही रे तुला. तर पोरगं कानात म्हणतं, मला माहीत होतं, बाबा गंमत करत होते.

आता गच्चीने वर लिहिलंय ते वाचून हे परत वाचा. वर्कहाउसची धमकी, आणि ती कुणाच्या सेटवर!

पोराचं पुढे काय झालं हेही ऐकण्यासारखं आहे. जॅकी कूगन जगभर एवढा गाजला की त्याच्या नावाने खेळणी, चॉकलेटं काय काय विकलं गेलं, लहानपणी लाखो डॉलर्स कमावले. वडील १९३५ मध्ये मोटार अपघातात गेले. वयात आल्यावर पैसे मागितले तर आई आणि सावत्र बाप म्हणाले कसले पैसे, कायद्याने अल्पवयीन मुलाची कमाई आईबापाची. १९३८ ला त्याने केस केली आणि शेवटी हातात पडले सव्वा लाख डॉलर्सच्या आसपास. पण त्या गाजावाजातून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये कायदा आला, बालकलाकाराच्या कमाईचा ठराविक हिस्सा त्याच्याच नावाने बाजूला ठेवायचा. त्याला अजूनही कूगन कायदाच म्हणतात, तिकडे त्या खात्याला कूगन अकाउंट. पडद्यावर त्याला सरकारी माणसांनी उचलून नेलं आणि चार्लीने सोडवलं, आणि खऱ्या आयुष्यात घरच्यांनीच लुबाडलं आणि सरकारी कायदा आला. आजोबा, हा मुद्दा तुमच्या खात्यात जमा करा.

पुढे पन्नाशीच्या आसपास तो टीव्हीवर 'अॅडम्स फॅमिली'मधला टकला अंकल फेस्टर होता. फोटो शोधून बघा, विश्वास बसत नाही तेच पोरगं यावर.

एक राहिलं. शूटिंग चालू व्हायच्या सुमारास, जुलै १९१९ मध्ये, चॅप्लिनचा पहिला मुलगा जन्मला आणि तीन दिवसांत गेला. त्यानंतर लगेच हा पिक्चर. बायकोशीही फाटलं, घटस्फोटाच्या भानगडीत फिल्मवर जप्ती येईल या भीतीने निगेटिव्हचे डबे घेऊन सॉल्ट लेक सिटीला पळाला आणि हॉटेलच्या खोलीत बसून एडिटिंग केलं. आणि फिल्म थोडीथोडकी नव्हती, पडद्यावर आलेल्या एका फुटामागे पन्नासेक फूट शूट केलेली.

मधलीसुट्टी

मी शाळेत शिकवते आणि मुलांना हा पिक्चर बऱ्याचदा दाखवलाय म्हणून दोन शब्द. मुलं रडतात ती ट्रकलाच, दरवर्षी. आणि सगळ्यात मोठा हशा खिडक्यांना नाही हं, धर्मशाळेतल्या त्या पाकीटमाराला. रात्री पैसे देऊन झोपायच्या जागेत चार्ली पोराला चोरून आत घेतो, कारण खिशात एकाचेच पैसे निघालेत. शेजारच्या खाटेवरचा चोर झोपल्या झोपल्या चार्लीच्या खिशात हात घालतो आणि त्यातून एक नाणं काढतो, जे आपल्याकडे आहे हे चार्लीलाच ठाऊक नसतं! तो ते नाणं काढून घेतो आणि चोराचा हात परत आपल्या खिशात घालून देतो, बघ बाबा अजून काही सापडतंय का. ज्यांच्या घरी महिनाअखेरीला कपड्यांचे खिसे तपासतात ती मुलं तर बाकावर आडवी होतात. आणि गंमत म्हणजे तो चोर आहेत जॅकी कूगनचेच वडील, स्वप्नातला सैतान पण तेच.

चार्ली बंगल्यात राहिला का, हे मी वर्गात विचारते. उत्तरं ठरलेली, निम्मी मुलं म्हणतात राहिला, बाकीची म्हणतात जेवून गेला. एका मुलाने सांगितलं होतं की त्याला त्या घराच्या काचा बसवायचं काम मिळालं असेल. मला तेच पटतं. कारण बाई चांगली आहे, पोराला सांभाळल्याचे उपकार मानेल, पण याला त्या घरात कोण म्हणून ठेवणार? सिनेमा तिथे गप्प बसलाय कारण दार उघडं ठेवलं असतं तर पुढचं दाखवावं लागलं असतं. तुमच्या लेकाला विचारा त्याला काय वाटतं, आपण उत्तर द्यायची घाई करू नये.

पुढे काय दाखवू तर 'अ डॉग्ज लाइफ' दाखवा. १९१८ चा, अर्ध्या तासाच्या आसपास संपतो, 'द किड'चीच आधीची आवृत्ती म्हणा, तिथे पोराच्या जागी कुत्रा. उघड्या मैदानात कुंपणाला टेकून झोपणारा चार्ली आणि बाकीच्या कुत्र्यांच्या तावडीतून सोडवलेली त्याची कुत्री स्क्रॅप्स. नोकरीच्या ऑफिसात बाकावरची माणसं चार्लीला मागे सारून खिडकीपाशी घुसतात, तो एका खिडकीपाशी पोचेस्तोवर दुसरी उघडते, आणि लगेच पुढे रस्त्यावर कुत्री एका तुकड्यासाठी तुटून पडलेली. काही सांगायला लागत नाही, मुलांना बरोबर कळतं. कुत्र्यांना मनाई असलेल्या डान्स हॉलमध्ये तिला पँटमध्ये लपवून नेतो आणि मागच्या भोकातून शेपूट बाहेर येऊन ढोल बडवते, तिथे वर्गात आवाज आवरत नाही मला. खाण्याच्या गाडीवाला, ज्याची पाठ वळली की चार्ली केक तोंडात टाकतो, तो खरा भाऊ सिडनी. गच्चीने लिहिलंय ना नऊ पेन्सवाला, तोच.

खडूस_आजोबा

'डॉग्ज लाइफ'ला माझा पूर्ण पाठिंबा. स्वप्न नाही, पंख नाहीत, उपदेश नाही. बेशुद्ध चोराच्या मागे पडद्याआड उभं राहून आपले हात त्याचे म्हणून नाचवतो आणि समोरच्या साथीदाराला गंडवतो, त्या दोन मिनिटांवर मी अख्खा 'द किड' ओवाळून टाकीन. कूगन कायदा जमा केला, पावती द्या.

दुपारचा_चहा

मधलीसुट्टी, लेक म्हणतो चार्ली राहिला आणि पोलीस पण राहिला कारण त्याला पण घर नसेल. हे मला सुचलंच नव्हतं.

'डॉग्ज लाइफ' रविवारी लावते. पण आधीच विचारून ठेवते, शेवटपर्यंत कुत्र्याला काही होत नाही ना? गाडी वगैरे येत नाही ना न्यायला?

मधलीसुट्टी

काही होत नाही. गाडी नाही, डॉक्टर नाही, शेवटी शेत आणि पिल्लं. फक्त स्क्रॅप्स सॉसेजची अख्खी माळ पळवते आणि चार्ली तिला साथ देतो, ते बघून तुमच्याकडच्या पेपरच्या बोळ्यांनंतर स्वयंपाकघरातून काय गायब होईल त्याला आम्ही जबाबदार नाही.